ठिणगीची वाट

दिल्लीतला कस्तुरबा गांधी मार्ग म्हटले की मराठी माणसाला आधी आठवते ते नवे महाराष्ट्र सदन. 2013 साली त्याचे उद्घाटन झाले आणि कामानिमित्त राजधानीत येणाऱ्या महाराष्ट्राच्या पावलांना हा रस्ता ओळखीचा झाला. पूर्वी याचे नाव कर्झन रोड होते. कनॉट प्लेसच्या बाहेरच्या वर्तुळातून निघून तो थेट इंडिया गेटच्या दिशेने जातो. वाटेत हिंदुस्तान टाइम्सची इमारत लागते, चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली ब्रिटिश कौन्सिलची वास्तूही लागते. आणि शेजारच्याच बाराखंबा रोडवर आहे स्टेट्समन हाउस. जुन्या मोटारींवर जीव असलेल्यांच्या दृष्टीने हा पत्ता महत्त्वाचा, कारण 1964 पासून ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने व्हिंटेज आणि क्लासिक गाड्यांची रॅली दिल्लीत भरवायला सुरुवात केली.

या रॅलीत चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातला जॉन मॉरिस बनावटीचा 1914 चा आगीचा बंबही स्वतःच्या इंजिनावर धावलेला आहे. शंभरी ओलांडलेले यंत्र रस्त्यावर येते तेव्हा बघ्यांचे डोळे पितळी दिव्यांवर, लाकडी आऱ्यांच्या चाकांवर खिळतात. जाणकार मात्र बॉनेट उघडायची वाट बघतात. गाडी किती मनापासून उभी केली आहे, हे तिथे कळते. आणि तिथेही त्यांची नजर एका साध्या गोष्टीवर जाते: डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातून निघून प्लगांपर्यंत जाणाऱ्या वायरींवर. लाखो रुपये खर्चून रंगवलेल्या, क्रोम चढवलेल्या गाडीच्या इंजिनावर झगमगीत लाल किंवा निळ्या सिलिकॉनच्या वायरी दिसल्या की त्यांचा चेहरा उतरतो.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न असता तर त्यावर लेख लिहायचे कारण नव्हते. चुकीची प्लग वायर गाडी चालू देत नाही, चालली तर ‘मिसिंग’ करायला लावते. मिस्त्री मग कार्ब्युरेटर उघडतात, पेट्रोलच्या नळ्या फुंकतात, प्लग बदलतात. दोष हातभर लांबीच्या वायरीत असतो.

पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये दाबलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण ठिणगीने पेटवावे लागते. गाडीची बॅटरी 6 किंवा 12 व्होल्टची, आणि प्लगच्या टोकांमध्ये फट असते अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला विजेला सुमारे 3,000 व्होल्ट लागतात. सिलिंडरमधली हवा कित्येक पट दाबलेली असते, त्यामुळे तिथे गरज 10,000 व्होल्टच्या वर सहज जाते. हे काम कॉइल करते. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि तिच्या दुसऱ्या गुंडाळीत प्रचंड व्होल्टेज उसळते. तिथून कॉइलची वायर, टोपण, रोटर आणि शेवटी प्लग वायर, अशी ठिणगीची वाट. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असताना प्रत्येक प्लगला सेकंदाला 25 ठिणग्या लागतात. गाडी तासभर पळाली तर एकेका वायरीतून नव्वद हजार वेळा हा तडाखा गेलेला असतो.

म्हणजे या वायरीला दोन कामे आहेत. वीज पोचवायची आणि वाटेत कुठेही सांडू द्यायची नाही. दुसरे काम पहिल्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. घरातल्या वायरीच्या आवरणाला शेकड्यांत मोजण्याइतके व्होल्ट अडवायचे असतात, याला हजारांत. तेही तापलेल्या इंजिनाला खेटून, तेलाच्या शिंतोड्यांत आणि सततच्या हादऱ्यात.

सुरुवातीच्या मोटारींत हे आवरण रबराचे होते. मधोमध तांब्याच्या बारीक तारांचा पीळ, त्यावर जाड रबर, रबराला जपण्यासाठी वरून सुती विणकाम आणि त्यावर लाखेसारखा चकचकीत लेप. काळ्या विणीत क्वचित पिवळी किंवा लाल रेघ असे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या वॉरन गावी पॅकार्ड बंधूंनी 1890 साली विजेच्या सामानाचा कारखाना काढला. पॅकार्ड मोटारी नंतर आल्या, 1899 मध्ये. त्याच मोटारी पुढे आपल्याकडच्या संस्थानिकांच्या गॅरेजमध्ये दाखल झाल्या. विजेच्या सामानाची मूळ कंपनी 1932 साली जनरल मोटर्सकडे गेली आणि ‘पॅकार्ड 440’ ही तिची इग्निशन वायर इतकी नावाजली, की आजही अमेरिकी गाड्या उभ्या करणारे नेमके तेच नाव छापलेली वायर शोधत फिरतात.

तांब्याची ही वायर वीज उत्तम पोचवते. तिची एक खोड मात्र आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय आजच्या बाजारातली निवड कळत नाही.

ठिणगी म्हणजे नुसता उजेड नव्हे. हाइन्रिश हर्ट्झ यांनी 1887-88 मध्ये रेडिओ लहरी प्रथम निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कलकत्त्यात बिनतारी संदेशाचे प्रयोग दाखवले, तेही ठिणगीच्याच आधाराने. म्हणजे तांब्याच्या वायरी लावलेली मोटार ही चालते-फिरते रेडिओ प्रक्षेपण केंद्रच. वायर हा तिचा एरियल. 1957 साली विविध भारती सुरू झाली. गाडीतल्या रेडिओवर मीडियम वेव्हला तिच्यावरचे गाणे लावावे आणि गाडीचा वेग वाढला की गाण्यामागची खरखरही वाढावी, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना त्याचे मूळ बॉनेटखाली होते हे कदाचित माहीत नसेल.

युद्धात ही खरखर परवडणारी नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपमध्ये रेडिओ बसवायचा तर इग्निशनचा गोंगाट दाबावा लागे. प्लगपाशी रोधक बसवले जात, इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या लावल्या जात, आणि अशी जीप ओळखता यावी म्हणून तिच्या बॉनेटवरच्या क्रमांकापुढे इंग्रजी ‘एस’ हे अक्षर रंगवले जाई. महिंद्र अँड महिंद्रने 1947 पासून मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली, आणि जीप महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचली. जुनी लष्करी जीप मूळ रूपात आणणाऱ्याने म्हणूनच आधी बॉनेटवरचे ते अक्षर शोधावे. ते असेल तर तिथे नुसती तांब्याची वायर लावून काम पुरे होत नाही.

पुढे, 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात, वायरीच्या पोटातले तांबेच काढून टाकले गेले. त्याजागी कार्बन माखलेला धाग्यांचा गाभा आला. याचा रोध फुटाला साधारण 3,000 ते 12,000 ओहम असतो. हा रोध ठिणगीच्या क्षणी होणारी प्रवाहाची झटपट थरथर शमवतो, आणि रेडिओ शांत होतो. त्यानंतर तिसरा प्रकार आला: फेराइट मिसळलेल्या गाभ्याभोवती केसासारखी बारीक धातूची तार गुंडाळलेली वायर. तिचा रोध कार्बनपेक्षा बराच कमी, तरी गोंगाट दाबण्याचा गुण तिच्यात आहे, आणि ती जास्त टिकते.

इथे एक गैरसमज मुळातून काढायला हवा. ‘दहा हजार ओहम’ हा आकडा ऐकला की बरेच मिस्त्री दचकतात. एवढा अडथळा असल्यावर ठिणगीत जोर कुठून राहणार, असे त्यांना वाटते. हिशेब करून बघावा. ठिणगी पडेपर्यंत वायरीतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे व्होल्टेज वाया जायचा प्रश्नच येत नाही. ठिणगी पडल्यावर प्रवाह असतो काही दशांश मिलिअँपिअर नव्हे, पण अँपिअरही नव्हे: साधारण 40 मिलिअँपिअर. दहा हजार ओहमला तो ओलांडताना 400 व्होल्ट खर्ची पडतात. कॉइल पंधरा-वीस हजार व्होल्ट देऊ शकत असताना हे चारशे म्हणजे फार नव्हेत. चांगल्या अवस्थेतली कार्बनची वायर इंजिनाला अशक्त करत नाही. गाभा आतून तुटला की मात्र ती करते, आणि कार्बनचा गाभा तुटायला नाजूक असतो. वायरीला धरून प्लगवरून हिसका दिला की तो आतल्या आत तुटतो, बाहेरून काहीच दिसत नाही. काढायचे ते टोकाचे रबरी बूट धरून, हलके पिळून.

मग जुन्या गाडीला कोणती वायर लावावी? याचे उत्तर वायरीत नाही, तिच्या दोन टोकांना काय आहे त्यात आहे.

आधी ठिणगी कुठून येते ते पाहावे. फार जुन्या गाड्यांत आणि कित्येक जुन्या मोटारसायकलींत कॉइलऐवजी मॅग्नेटो असतो. बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. तो बॅटरीवाचून चालतो, पण हँडल मारून गाडी सुरू करताना इंजिन सावकाश फिरते आणि त्याची ठिणगीही तेव्हा दुबळी असते. इथे तांब्याचीच वायर लावावी, दुसरा विचार करू नये. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते, एक मॅग्नेटोवर आणि दुसरा कॉइलवर. सहा सिलिंडरना बारा वायरी. 1910 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी-कॉइलची पद्धत आली आणि हळूहळू तीच सर्वत्र रूढ झाली. पॉइंट आणि कॉइल असलेल्या गाडीला तांबे चालते, कार्बनही चालतो.

पण पॉइंट काढून त्याजागी इलेक्ट्रॉनिक संच बसवला असेल तर तांब्याची वायर टाळावी. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात बसणारे हे छोटे संच रेडिओ गोंगाटाने गोंधळतात, कधी कायमचे निकामीही होतात. रोज वापरायच्या प्रीमियर पद्मिनीत हा संच बसवून घेतला जातो, त्यात चूक काही नाही. पॉइंट घासायची कटकट संपते. मात्र तो बसवताना वायरी जुन्याच राहतात आणि मग संचालाच नावे ठेवली जातात.

दुसरे टोक म्हणजे टोपण. मॉरिस, ऑस्टिन अशा अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांवरच्या लुकास डिस्ट्रिब्युटरचे टोपण बाजूने वायर घेणारे असते. वायर भोकात सारायची आणि टोपणाच्या आतून टोकदार स्क्रू आवळायचा. तो रबर भेदून तांब्याच्या तारांत घुसतो आणि तीच जोडणी. आपल्या ॲम्बेसेडरचा जन्म ज्या मॉरिस ऑक्सफर्डमधून झाला ती याच घराण्यातली. अशा टोपणात कार्बनची वायर घातली तर स्क्रू धागे चिरडतो. काही दिवस गाडी चालते, मग एक सिलिंडर गळतो. हे टोपण ठेवायचे असेल तर तांबे हाच पर्याय आहे. गोंगाट नको असेल तर रोध प्लगमध्ये घ्यावा. एनजीके किंवा बॉशच्या प्लगच्या क्रमांकात ‘आर’ हे अक्षर असले की त्या प्लगमध्ये रोधक आहे असे समजावे. प्लगवर बसणाऱ्या टोप्याही रोधकासह मिळतात. मूळची तांब्याची वायर राहते, टोपण राहते, रेडिओही नीट वाजतो. जुन्या गाडीसाठी ही तडजोड सगळ्यांत शहाणी.

उलट चूकही होते: रोधक प्लग, रोधक टोपी आणि वर कार्बनची लांब वायर, असे तिन्ही एकावर एक. 6 व्होल्टच्या जुन्या, थकलेल्या कॉइलवर हा भार टाकू नये.

जाडीबद्दल दुकानदार हमखास सांगतात की जाड वायर म्हणजे दमदार वायर. जुन्या गाड्यांची मूळ वायर 7 मिलिमीटरची असते. 8 मिलिमीटरची घेतली तर आवरण थोडे जाड मिळते, ठिणगी मोठी मिळत नाही. शिवाय ती जुन्या टोपणाच्या भोकात शिरत नाही, मूळ पितळी नळीतून किंवा क्लिपमधून जात नाही, आणि मग कोणीतरी चाकूने आवरण सोलून ती बसवतो. जिथे सोलली तिथूनच पुढे वीज इंजिनावर उडी मारते.

आवरण निवडताना हवामान पाहावे लागते. दिल्लीचा उन्हाळा 45 अंशांला टेकतो आणि अशा दुपारी ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बॉनेटखाली काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. मुंबईत आणि कोकणात प्रश्न पावसाचा आणि खाऱ्या हवेचा. खारा दमटपणा टोकांतून आत शिरतो आणि तांब्यावर हिरवी कळकी चढते. सिलिकॉन 200 अंशांची उष्णता सोसतो, पण तो मऊ असल्याने घासून लवकर फाटतो. ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर त्यामानाने चिवट. ज्यांना जुने रूप हवे त्यांच्यासाठी आता आतून आधुनिक रबर आणि वरून लेप दिलेली सुती वीण अशा वायरी तयार होतात; तांब्याचा गाभा असलेल्याही मिळतात. रस्त्यावर चालवायच्या गाडीला हीच वायर योग्य. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची न वापरलेली मूळ वायर सापडली तर तिचा मोह होतो, पण रबर डब्यात पडल्या पडल्याही म्हातारे होते. ती इंजिनावर लावू नये.

मूळ रूपाचा हा आग्रह केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आली. नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, नूतनीकरणाचे 5,000. गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा, अशी अट आहे. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आलेल्या दिल्लीत या नोंदणीचे मोल मोठे. प्लग वायर बदलली म्हणून कोणी नोंदणी नाकारणार नाही, कारण ती झिजणारी वस्तू आहे. पण मूळपणा हा अशाच बारीकसारीक वस्तूंनी मिळून होतो, आणि प्रदर्शनात परीक्षकाचे बोट अशाच जागी येऊन थांबते.

महाराष्ट्रात या कामासाठी सगळ्यांत जवळची गाडी कोणती, तर कुर्ल्यात जन्मलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. आधी डॉज आणि प्लिमथ, मग फियाट आणि शेवटी पद्मिनी. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 रोजी निवृत्त झाली. आता घरोघरच्या पद्मिनी शेडमधून बाहेर निघत आहेत, आणि वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणू पाहणारी पिढी सुटे भाग शोधते आहे. 1,089 सीसीच्या या साध्या इंजिनाला चार प्लग वायरी आणि कॉइलची एक, अशा पाच लागतात. सामान दिल्लीत कश्मीरी गेटला, मुंबईत कुर्ल्याला शोधावे. वायरीच्या अंगावर कंपनीचे नाव आणि जाडी छापलेली नसेल तर ती घेऊ नये. मिळाले तर मीटरभर नुसती वायर आणि सुटी टोके घेऊन मापाने संच तयार करून घ्यावा; तयार संचात एखादी वायर लांब लोंबते आणि एखादी ताणून बसवावी लागते. इंजिन आपल्या रबरी पायांवर हलते, म्हणून प्रत्येक वायरीला थोडी सैल ठेवण हवीच.

बसवताना क्रम चुकला तर सगळेच फसते. पद्मिनी आणि ॲम्बेसेडर, दोन्ही इंजिनांत सिलिंडर 1-3-4-2 या क्रमाने पेटतात. फोर्ड मॉडेल टीमध्ये तो 1-2-4-3 आहे. सहा सिलिंडरच्या डॉजमध्ये 1-5-3-6-2-4. लागोपाठ पेटणाऱ्या शेजाऱ्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर नेऊ नयेत, कारण एकीतली उसळी दुसरीत उतरते आणि तो सिलिंडर अवेळी पेटतो. शेवरलेच्या व्ही-8 इंजिनात 5 आणि 7 या वायरी यासाठी कुप्रसिद्ध आहेत. मूळ गाडीवर वायरी वेगळ्या ठेवणाऱ्या क्लिपा असतात. त्या शोभेच्या समजून फेकल्या जातात, त्या जपाव्यात.

तपासणी घरीही होते. मल्टिमीटरवर तांब्याची वायर जवळजवळ शून्य दाखवते, कार्बनची काही हजार ओहम. मीटर काहीच दाखवत नसेल किंवा वायर वाकवताना आकडा उड्या मारत असेल तर गाभा तुटलेला आहे. दुसरी परीक्षा अंधारातली. रात्री मोकळ्या जागी इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडावे आणि दुरून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. आवरण फुटलेले असेल तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. या वेळी वायरींना हात लावू नये. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी तर जवळही जाऊ नये.

आणि गाडी उभी करायला घेतलेल्या प्रत्येकाला एक विनंती. जुन्या वायरी काढण्याआधी त्यांचे चारही बाजूंनी फोटो काढा, प्रत्येकीची लांबी मोजा, कोणती कुठून कशी वळली होती ते वहीत लिहा, क्लिपा कागदात गुंडाळा. काढलेल्या वायरी भंगारात देऊ नका. चिठ्ठी बांधून गाडीच्या आरसी बुकाशेजारी ठेवा. तुमच्यानंतर ही गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला मूळ वायर कशी होती हे दाखवणारा तेवढाच नमुना शिल्लक असेल.